रहिवाशांसाठी मोफत सल्ला केंद्र: आधी तारीख, मग कागद, मग सल्ला

प्रश्न असा आहे: प्रभागात आठवड्यातून दोन संध्याकाळी रहिवाशांसाठी मोफत सल्ला केंद्र सुरू करायचंय. चार-पाच स्वयंसेवक तयार आहेत, एक वकील महिन्यातून एकदा बसतील. काम कसं चालवायचं आणि गाडं कुठे अडतं? महाराष्ट्रातली शहरी वस्ती डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतो.

केंद्रात येणाऱ्या बहुतेकांचं काम कायद्याच्या अवघड मुद्द्यावर अडलेलं नसतं. मुदत टळलेली असते, अर्ज दिल्याची पोच नसते, नाहीतर दोन कागदांवर नाव वेगळं असतं. त्यामुळे टेबलावर बसणाऱ्याने हकीकत ऐकता ऐकता तीन गोष्टी शोधायच्या: शेवटची तारीख कोणती, हातात कागद कोणता, आणि आजवर कुणाला काय लेखी दिलंय. ही तीन उत्तरं मिळेपर्यंत सल्ला द्यायचा नाही. अर्धवट ऐकून दिलेला सल्ला माणूस खरा मानतो आणि त्यावर पुढचे दोन महिने घालवतो.

दारावर एक स्वयंसेवक उभा ठेवा. त्याचं काम पाच मिनिटांचं आणि एकाच प्रश्नाचं: "काही नोटीस, समन्स, पत्र आलंय का? कधी मिळालं?" दोन टेबलं आणि तीन तास असतील तर एका संध्याकाळी सहा-सात प्रकरणं नीट होतात. एका माणसाला तीस-चाळीस मिनिटं लागतातच, आणि शेवटचा अर्धा तास नोंदींना हवा. बाकीच्यांना पुढची वेळ द्यावी लागते. कुणाला आज बसवायचं आणि कुणाला चार दिवसांनी, हे रांगेतल्या नंबरावर नाही, तारखेवर ठरवायचं.

काही मुदती दारावरच्या माणसाला तोंडपाठ हव्यात. चेक परत गेल्याची नोटीस मिळाली की रक्कम भरायला १५ दिवस असतात. त्या मुदतीत पैसे दिले तर चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ ची, फौजदारी तक्रार उभीच राहत नाही. पैसे मात्र बँकेतूनच द्यावेत, हातात रोख नको. दिवाणी दाव्याचं समन्स आलं असेल तर लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर बसू नये. समन्स दिसलं की प्रकरण आपलं नाही, वकिलाचं. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं मिळतात, म्हणून लोक निवांत असतात आणि तोवर पावत्यांची शाई उडून जाते.

फसवणुकीचं प्रकरण या सगळ्यांच्या पुढे. खात्यातून पैसे गेलेत असं कुणी म्हणालं तर नाव-पत्ता लिहीत बसू नका. केंद्रातूनच १९३० ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी लावून द्या, मग बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकत असतो, आणि मधल्या खात्यात तो गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा राहते. ओटीपी स्वतःहून सांगितला असला तरी बँकेला कळवायचं सोडू नये, कारण कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते बँकेच्या माथी येतं. ग्राहकाची आणि बँकेची दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकावर काहीच भार येत नाही. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणारे बरेच असतात. त्यांना ओरडू नका.

आता टेबलावरची पहिली भेट. पहिली दहा मिनिटं माणसाला बोलू द्या, मधे तोडू नका. मग पिशवीतले सगळे कागद टेबलावर तारखेप्रमाणे लावा, सर्वांत नवा वर. पाकिटंही जपा, कारण नोटीस कधी मिळाली हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळतं. कागद लावता लावता अर्धी गोष्ट आपोआप उलगडते. "मालक घर खाली करा म्हणतोय" असं म्हणणाऱ्याच्या पिशवीत लिव्ह अँड लायसन्सचा करार निघतो की जुनी भाडेपावती, यावर सगळं फिरतं. जुना भाडेकरू असेल तर थकबाकीसाठी मालकाने लेखी मागणीची नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय ताब्याचा दावा लावता येत नाही, आणि तेवढ्या मुदतीत थकबाकी भरायची सोय असते. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. करार संपल्यावर तो राहिला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतो आणि दुप्पट आकारही लागू शकतो. कराराची नोंदणी झालेलीच नसेल तर मात्र ती करण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि अटींबद्दल वाद झाला तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. भाडेकरूला हुसकण्यासाठी मालकाने पाणी किंवा वीज तोडणं हा त्याच कायद्याखाली स्वतंत्र मुद्दा आहे.

सांगितलेलं काम आणि खरं काम वेगळं असू शकतं. रेशन कार्डातून नाव वेगळं करायला आलेल्या बाईंना घर सोडावं लागलेलं असू शकतं. सोबत आलेला दीर किंवा सासरे त्यांच्या वतीने बोलत असतील तर "फॉर्मवर सही तपासायचीय" असं काही सांगून पाच मिनिटं त्यांच्याशी एकट्याने बोला, शक्यतो महिला स्वयंसेवकाने. घरातल्या हिंसेचं प्रकरण निघालं तर संरक्षण अधिकारी, १८१ ची मदतवाहिनी आणि मोफत वकील या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाती द्या. घरी छापील कागद न्यायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. तो कागद घरात सापडला तर त्रास त्यांनाच होणार आहे.

नोंदीसाठी एका प्रकरणाला एक पान पुरतं: नाव, संपर्काचा सुरक्षित मार्ग, विरुद्ध बाजूचं नाव, पाहिलेले कागद, दिलेला सल्ला जसाच्या तसा, पुढचं पाऊल कुणी उचलायचं आणि पुढची तारीख. विरुद्ध बाजूच्या नावाचा रकाना लोक टाळतात आणि तिथेच फसतात. एकाच चाळीतला मालक सोमवारी आणि त्याचा भाडेकरू गुरुवारी येतो. नावांची सूची आधी पाहिली तर दुसऱ्याला सभ्यपणे तालुका विधी सेवा समितीकडे पाठवता येतं. नाही पाहिली तर एकाचं गुपित दुसऱ्याच्या सल्ल्यात शिरतं, आणि वस्तीत ही बातमी फिरायला एक दिवस पुरतो.

मूळ कागद कधीही ठेवून घेऊ नका, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. आधारची झेरॉक्स जमवू नका, नोंदीत शेवटचे चार आकडे लिहिले तरी भागतं. स्वयंसेवकाच्या स्वतःच्या व्हॉट्सॅपवर कागदांचे फोटो मागवण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा. तो फोन उद्या मुलांच्या हातात असतो आणि गॅलरीत कुणाचा तरी वैद्यकीय अहवाल पडलेला असतो.

केंद्राचं सर्वांत मोठं काम म्हणजे पत्र. ते कसं असावं हे नीट सांगतो. समजा, एका आजींचा निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात पडून आहे. पत्रात एवढंच हवं:

"मी दि. ____ रोजी आपल्या कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज केला आहे (आवक क्र. ____). त्यावरील लेखी निर्णय मला आजपर्यंत मिळालेला नाही. अर्ज सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोणतेही कागदपत्र कमी असल्यास ते कोणते, हे मला लेखी कळवावे."

तळाशी पत्ता, फोन, सही किंवा अंगठा, आणि जोडलेल्या प्रतींची यादी. "आपल्या गलथान कारभारामुळे" किंवा "संबंधितांवर कठोर कारवाई करावी" असलं काही नको. असं वाक्य लिहिलं की फाइल अर्जाच्या टेबलावरून तक्रारीच्या टेबलावर जाते आणि मूळ काम तिथेच थांबतं. एका पत्रात एकच मागणी. दुसरी असेल तर दुसरं पत्र.

पत्राच्या दोन प्रती न्यायच्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हे तिन्ही घ्यायचं. नुसती सही चालत नाही, कारण सही करणाऱ्याची बदली झाली की ती कुणाची हे कोणी सांगत नाही. पोच द्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नये, तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर नोंदणीची मागणी वेगळी सांगावी लागते. पोस्टाची पावती थर्मल कागदाची असते आणि काही महिन्यांत कोरी पडते. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढून पत्राच्या प्रतीला टाचा.

ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर पुढचं हत्यार महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. ती सेवा अधिसूचित आहे का, तिला किती दिवसांची मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि अपील अधिकारी कोण, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. आपले सरकार पोर्टलवरही ही यादी मिळते. मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाचा अर्ज दाखल झाल्यावर अडलेला दाखला सुनावणीआधीच हातात पडतो, असं पुष्कळदा होतं. अर्जाचा क्रमांक नसेल तर मात्र यातलं काहीच करता येत नाही. म्हणून एजंटाने भरलेल्या अर्जाचा क्रमांक आधी मिळवा.

माहिती अधिकाराचा अर्ज सर्रास चुकीचा लिहिला जातो. "माझा अर्ज का रखडला?" असं विचारलं की उत्तर येतं, "प्रश्नार्थक माहिती देय नाही." त्याऐवजी कागद मागा: "अर्ज क्र. ____ वरील सर्व टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती, आणि हा अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता त्याची नोंद." महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा. शुल्क १० रुपये, ते कोर्ट फी स्टँपने भरता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दाखल्याची प्रत जोडल्यावर शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. ही तारीख अर्ज पाठवतानाच डायरीत लिहून ठेवा, कारण अर्जदार तोवर विसरलेला असतो.

नावातल्या फरकाचं दुखणं एवढं पसरलंय की त्याला वेगळी पद्धत लागते. कोऱ्या कागदावर रकाने आखा: जन्मनोंद, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक, रेशन कार्ड. प्रत्येकावर नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः जशी छापलीय तशी उतरवा, वेलांटी पहिली की दुसरी यासकट. मग पाया कोणता ते ठरवा. बहुधा जन्मनोंद, ती नसेल तर शाळेचा दाखला. बाकीचे कागद त्याच्याकडे आणायचे. घाईत आधी आधार बदलायला पाठवू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. चुकीच्या दाखल्यावर ती संधी वाया गेली की पुढचं काम कितीतरी अवघड होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही नावांना जोडणारा पूल असतो. तो नसेल तर पहिलं काम तेच. आणखी एक: जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही शेकडो रुपयांचे स्टँप पेपर घ्यायला लावणारे बाहेर बसलेले असतात. केंद्राच्या दारावर हे ठळक अक्षरांत लिहून लावा.

कर्जाच्या प्रकरणात आधी आकडेमोड, मग कायदा. "महिना पाच टक्के" ऐकायला किरकोळ वाटतं. ५०,००० रुपयांवर ते महिन्याला २,५०० होतात, म्हणजे वर्षाला ६० टक्के. दर महिन्याला नेमके २,५०० भरणारा माणूस वीस महिन्यांत ५०,००० देऊन बसतो आणि मुद्दल जिथल्या तिथे. हे त्याच्यासमोर कागदावर मांडा. सावकारी कायदा, २०१४ खाली परवाना लागतो, आणि बिगरशेतकरी कर्जदारासाठी ठरलेले दर तारण असेल तर वर्षाला १५ आणि नसेल तर १८ टक्के आहेत. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे होते. तिथे पुरावा लागतो: फोन-पेच्या नोंदी, सावकाराने लिहिलेली चिठ्ठी, कोऱ्या चेकचे क्रमांक. "आता सगळं थांबवा" असं सांगण्याआधी तो सावकार दारात काय करतो हेही विचारा.

अनेक कर्जं असतील तर महिन्याचा जमाखर्च लिहून काढा. घरभाडं, वीज, किराणा, औषधं आणि शाळा आधी, मग तारणाची कर्जं, मग क्रेडिट कार्ड आणि ॲपवरची उसनवारी. लोक नेमकं उलटं करतात: जो जास्त फोन करतो त्याला आधी देतात. बँकेच्या वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. मोडला तर फोनच्या नोंदींसह बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तीही मोफत. बँकेत आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार परत येते. तडजोडीची रक्कम ठरली तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. "सेटल्ड", म्हणजे पूर्ण रक्कम न भरता मिटवलेलं कर्ज, अशी नोंद पतअहवालात राहते, हेही आधीच सांगून टाका.

ज्येष्ठांबद्दल थोडक्यात. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज चालतो. घर मुलाच्या नावावर करायच्या आधी कुणी विचारायला आलं तर सोन्याहून पिवळं: बक्षीसपत्रात "देखभाल करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्यायला सांगा. ती अट दस्तात असेल तर कलम २३ खाली दस्त रद्द करून मागणं खूप सोपं जातं.

केंद्राने कुठे थांबायचं, हे स्वयंसेवकांना लेखी द्या. न्यायालयात कुणाच्या वतीने उभं राहायचं नाही, कुणाच्या नावाने सही करायची नाही, फीपोटी चहासुद्धा घ्यायचा नाही, "साहेब ओळखीचे आहेत" म्हणून कुणाला घेऊन जायचं नाही. उत्पन्न कमी दाखवून फॉर्म भरायला नकार द्यायचा, माणूस कितीही गरजू असला तरी. उद्या पडताळणीत तोच अडकतो. निवडणुकीच्या काळात कुणाचा फलक दारावर येऊ देऊ नका. एकदा आला की अर्धी वस्ती यायची थांबते.

सगळं स्वतः करून देण्याचा मोहही आवरा. स्वयंसेवकाने फॉर्म भरला, तोच कार्यालयात गेला, तोच फोन करत राहिला, तर माणसाला स्वतःच्या अर्जाचा क्रमांकही माहीत नसतो आणि केंद्राचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्रत्येकाच्या हातात जाताना एक चिठ्ठी द्या: पुढे काय, कुठे, कोणते कागद घेऊन, कोणत्या तारखेपर्यंत. वाचता येत नसेल तर घरातला विश्वासू माणूस कोण ते विचारा आणि चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहा. आठवड्याच्या पहिल्या संध्याकाळी दार उघडण्याआधी अर्धा तास डायरी घेऊन बसा आणि त्या आठवड्यात ज्यांची तारीख येते त्यांना फोन करा. प्रत्येक पान त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी वाचलं पाहिजे. चुकीचा सल्ला चार दिवसांत सापडला तर फोन करून सुधारता येतो.

मोफत वकील मिळतो, हे वस्तीत फार थोड्यांना ठाऊक असतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात साध्या कागदावर चालतो, आणि १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. लोकअदालतीत प्रकरण मिटवायचं असेल तर सही करण्याआधी हप्त्यांच्या तारखा आणि रकमा शब्दशः वाचून दाखवा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. भरलेलं न्यायालय शुल्क मात्र परत मिळतं.

महिन्यातून एकदा येणाऱ्या तुमच्या वकिलांचा वेळ फॉर्म तपासण्यात घालवू नका. त्यांच्यासाठी समन्स, मालमत्तेचे दस्त आणि फौजदारी तक्रारी राखून ठेवा. प्रत्येक प्रकरणाला एक पान वर लावा: घडलेल्या गोष्टी तारखांच्या क्रमाने, प्रत्येक तारखेपुढे कोणता कागद ते, आणि तळाशी माणसाला नेमकं काय हवंय ते त्याच्याच शब्दांत. ज्या समन्सची मुदत त्यांच्या पुढच्या फेरीआधी संपतेय ते थांबवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच विधी सेवा कार्यालयात पाठवा.